मिटल्या डोळ्याचं बिस्कीट

तोकिए उराबे यांच्या घरात पुकुसुकेची प्रत्येक वस्तू तीनदा येते. एक वापरायला, एक जपायला आणि एक प्रचाराला. वापरायची वस्तू फाटते, फुटते किंवा पोटात जाते. जपायची वस्तू कपाटाच्या वरच्या फळीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही, मालकिणीनेसुद्धा नाही. प्रचाराची वस्तू अजून नादाला न लागलेल्या माणसाला फुकट द्यायची, म्हणजे तोही लागतो. ओसाकात हा नाद असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत आणि सगळ्यांची रीत हीच, त्यामुळे तोकिएबाईंना त्यात काही विशेष वाटत नाही. त्यांच्या नवऱ्याला वाटतं. घर दोन खोल्यांचं आहे.

पुकुसुके हा फुगणारा मासा. ओसाकाची माणसं थंडीत हा मासा रश्शात उकळून आवडीने खातात, आणि पडद्यावर त्यालाच पाहून रडतात. चित्रपटात तो घाबरला की फुगतो, आणि तो कशालाही घाबरतो: खेकड्याला, शिंकेला, स्वतःच्या सावलीला. चौदा वर्षांपूर्वी खाडीकाठी त्याच्या नावाचा पार्क उघडला, 'पुकुसुके बंदर'. ताइशो भागातल्या छप्पर घातलेल्या बाजारगल्लीत तेव्हाही उराबे लाँड्री होती आणि तोकिएबाई गल्ल्यावर बसत होत्या. वर्षअखेरीच्या सोडतीत त्यांना तांदळाचं पोतं हवं होतं. निघालं पार्कचं तिकीट. त्यांनी ते बदलून मागितलं, आयोजकांनी नकार दिला, आणि 'फुकटचं वाया कशाला घालवा' म्हणून त्या रागारागाने पार्कात गेल्या. होडीच्या सफरीत अंधारातून पुकुसुके पुढे आला आणि त्यांच्याकडे बघून फुगला. "मला घाबरला तो," असं त्या अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचे डोळे भरतात. नवरा शोहेई त्यावर म्हणतो, "त्यात काय, मीपण घाबरतो. मला कुणी तिकीट लावत नाही."

त्या दिवसापासून बाईंचा अवतार बदलला. डोक्याला काट्यांचा पट्टा, गळ्यात माशाच्या आकाराचा पॉपकॉर्नचा डबा. ओसाकातल्या कुठल्याही काकूंच्या पर्समध्ये वाटायला गोळ्या असतातच. यांच्या गोळ्यांवर काटे असतात. लाँड्रीत कपडे टाकायला आलेल्या माणसाला पावती मिळायच्या आधी गोळी मिळते.

पार्कात खायला पुष्कळ मिळतं. लाल चवळीचं गोड सारण भरलेले वाफेचे पाव असतात, दाबले की फुगतात. सोया सॉस लावलेले पॉपकॉर्न असतात. पण नादी लोकांत सगळ्यात मोठा मान पहिल्या वर्षीच्या, पुकुसुकेच्या आकाराच्या लोणी-बिस्किटांच्या निळ्या डब्याला आहे. ती बिस्किटं करणारा कारखाना वर्षभरात बंद पडला. पुढच्या वर्षी दुसऱ्यांची बिस्किटं आली, ती वेगळी होती. पहिली सगळ्यांनी खाऊन टाकली होती आणि डब्यात बटणं भरली होती. त्या काळी फोटो काढून मग खायची पद्धत नव्हती. भूक लागली की खायचे.

तोकिएबाईंनी रीतीप्रमाणे तीन डबे घेतले होते. पहिला खाल्ला. आणि तेव्हापासून त्या सांगत आल्या आहेत की पहिल्या वर्षीच्या डब्यात सगळे पुकुसुके डोळे उघडे ठेवून बघतात, पण एकाचा, फक्त एकाचा, डोळा मिटलेला असतो. त्यांनी तो पाहिला होता. पाहिला आणि चहात बुडवून खाल्ला.

यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सगळ्यात कमी ठेवला यासुगी यांनी. यासुगी हे त्याच गल्लीतले चष्मेवाले, विधुर, आणि पुकुसुकेचे बाईंइतकेच जुने भक्त. त्यांच्या टायवर मासे आहेत. पुकुसुके-भक्तांच्या मंडळाच्या प्रत्येक बैठकीत ते म्हणायचे, "मी पूर्ण डबा खाल्लाय. सगळ्यांचे डोळे उघडे होते. उराबे-सान, डोळ्यांचं तरी मला सांगू नका. तुम्ही शर्टाच्या कॉलरचं बोला."

"तुम्ही बिस्किटं बघत नाही, गिळता," बाई म्हणायच्या.

"मग उघडा ना तुमचा दुसरा डबा. दाखवा."

"तो जपायचा आहे!"

यावर यासुगी गप्प बसायचे, कारण जपायचा डबा उघडा असं कुणाला सांगणं बरं दिसत नाही. तिसरा, प्रचाराचा डबा पहिल्याच आठवड्यात बाईंच्या नणंदेला गेला होता. नणंदेने तो न बघता खाल्ला आणि नादाला काही लागली नाही. अशी चौदा वर्षं गेली. मंडळात बाईंचं नाव 'मिटलेला डोळा' पडलं. त्या बोलायला उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतून कुणीतरी एक डोळा मिटायचं.

मग मंडळाने पुस्तक काढायचं ठरवलं. पार्कात आजवर मिळालेला सगळा खाऊ, प्रत्येकाचं चित्र, फोटो आणि घरी करायची कृती. संपादक चिनामी, वय सव्वीस, नोकरी विमा कंपनीत, स्वभाव त्याला शोभेल असा. तिचा नियम एकच: जे डोळ्यांनी दिसलं नाही ते छापायचं नाही. पहिल्या वर्षीच्या बिस्किटांचं पान कोरं राहिलं होतं. तिने बाईंना सांगितलं, "काकू, फोटो मिळाला तर मिटलेला डोळा पुस्तकात जाईल. नाहीतर 'सर्व डोळे उघडे' असं यासुगी-सानच्या नावाने जाईल. पुस्तक सोमवारी छापायला जातंय. एकदा छापलं की तेच खरं."

बाईंनी दोन दिवस जेवण कमी केलं. मग डबा उघडायला होकार दिला. रविवारी दुपारी चिनामी कॅमेरा घेऊन येणार होती.

रविवारी सकाळी बाई स्टुलावर चढल्या आणि वरच्या फळीवर डब्याच्या जागी त्यांना डब्याच्या आकाराची स्वच्छ जागा दिसली.

"अहो!"

शोहेई इस्त्री करत होता. हाक कोणत्या पट्टीतली आहे हे ओळखून त्याने इस्त्री उभी ठेवली.

"निळा डबा कुठाय?"

"तो ना? मुरोगाला दिला."

"दिला?"

"परवा त्याने टोपलीभर संत्री आणून दिली. टोपली रिकामी कशी परत करायची?"

"मग प्रचाराच्या फळीवरचं द्यायचं! तीन फळ्या कशाला केल्यात? चिठ्ठ्या लावल्यात!"

"त्या फळीवरचे सगळे डबे चेपलेले होते. त्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या होत्या. असं देतात का कुणाला? वरचा एकदम नवा दिसत होता. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं." मग त्याने जे वाक्य उच्चारलं ते लाँड्रीत अजून कुणी उच्चारत नाही. "देताना चांगलं द्यावं."

बाईंनी काट्यांचा पट्टा काढून ठेवला. ही गंभीर खूण होती.

अडचण अशी होती की दिलेली वस्तू परत मागता येत नाही. गल्लीत एक वेळ शिवी देता येते, पण दिलेला डबा परत मागता येत नाही. म्हणून बाईंनी मुळ्याच्या लोणच्याची बरणी हातात घेतली आणि सहज म्हणून मुरोगाच्या दुकानी गेल्या. मुरोगा तोफू, म्हणजे सोयाबीनचं पांढरंशुभ्र पनीर विकतो. वयाने लहान आहे, बाईंना काकू म्हणतो.

"काकू! लोणचं? कशाला उगाच!"

"संत्री गोड होती म्हणून. आणि काय रे, आमच्याकडचा डबा मिळाला ना?"

"मिळाला काय, संपलासुद्धा!" मुरोगा म्हणाला. "काय बिस्किटं होती! कुरकुरीत! ताजी!"

बाईंनी बरणी बाजूला ठेवली.

"तू खाल्लीस?"

"सगळी. काल चहाबरोबर."

"बस. खाली बस आधी."

"का हो?"

"जीभ दाखव."

मुरोगाने जीभ दाखवली. ओसाकात काकूंनी जीभ दाखव म्हटलं तर दाखवतात.

"पोटात दुखतंय? हातापायाला मुंग्या? दोन दोन दिसतायत का मी?"

"एकच दिसताय. पुरेशा आहात."

"मुरोगा, ती बिस्किटं चौदा वर्षांपूर्वीची होती. बंद कर दुकान, आपण दवाखान्यात जाऊ. पोट धुवायला लागेल. नळी घालतात, पण लहान असते."

मुरोगाचा चेहरा त्याच्या मालासारखा झाला. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "सांगा ना आता खरं! खाल्ली कुठे? सादाएकडे केस कापायला गेलात तेव्हा दिलात ना तो डबा?"

"दुकानाला नवा रंग दिला होता तिने," मुरोगा खालच्या आवाजात म्हणाला. "रिकाम्या हाती कसं जायचं? आणि आमच्यात गोड कुणी खात नाही, काकू. रागावू नका." त्याने लगेच तोफूच्या दोन वड्या पिशवीत घातल्या. लोणचं घेऊन पाठवणी रिकाम्या हाती कशी करणार?

सादाए न्हावीण बाईंच्या वयाची. एका गिऱ्हाइकाच्या मानेवर साबण लावत होती. बाईंनी तोफूची एक वडी पुढे केली.

"आज अचानक तोफू?"

"तुझा नवा रंग बघायला आले. छान आहे. फिका आहे. बरं, मुरोगाने तुला डबा दिला म्हणे."

"अगं हो! तोंडात ठेवलं की विरघळत होतं. आम्ही दोघांनी बसल्या बसल्या संपवला."

आता बाई शहाण्या झाल्या होत्या. दवाखान्याचं नाव न काढता त्यांनी विचारलं, "आत काय होतं गं?"

सादाएने डब्यावरचा मासा आठवला. "मासे," ती म्हणाली.

"वाळवलेले?"

"वाळवलेलेच."

"काटे लागले नाहीत?"

"काढून खाल्ले मी. मी नेहमी काढूनच खाते. ह्यांना सांगते, हळू खा, घशात अडकेल."

खुर्चीतलं गिऱ्हाईक हसलं आणि साबण त्याच्या कानात गेला.  बाई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. हे त्यांना जमतं, लाँड्रीत डाग कुणी पाडला ते त्या असंच काढून घेतात. सादाएने वस्तरा खाली ठेवला.

"बरं बाई, नाही खाल्ले. दिला मी तो. माझ्या चष्म्याची दांडी त्यांनी फुकट बसवून दिली, पैसे घेईनात. मग काय देणार?"

"कुणी बसवून दिली?"

"गल्लीत चष्मेवाले किती आहेत?"

बाईंनी भिंतीला हात टेकला. नवा रंग हाताला लागला. तोफूच्या बदल्यात मिळालेली केसांच्या तेलाची बाटली घेऊन त्या बाहेर पडल्या.

यासुगी यांच्या दुकानात काचेचं कपाट आहे, त्यात महागाच्या फ्रेमा ठेवतात. त्या सगळ्या एका बाजूला सरकवलेल्या होत्या. मधोमध, जांभळ्या मखमलीवर, निळा डबा. वर छोटा दिवा.

"आलात," यासुगी म्हणाले. ते वाट बघत असावेत. टाय बांधलेला होता. "मला वाटलंच होतं हा तुमचा. पहिल्या वर्षीचा, बंद, गल्लीत दुसऱ्या कुणाकडे असणार?"

बाईंनी पहिल्यांदा झाकणाकडे पाहिलं. चिकटपट्टी शाबूत होती.

"उघडला नाहीत?"

"जपायचा आहे तो," यासुगी दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "मला काय समजलात?"

"उघडला असता तर कळलं असतं ना, खरं कोण ते."

"मीच. तरीसुद्धा नाही उघडला."

 सगळ्या गल्लीत डबा चार जणांच्या हातांतून गेला होता आणि त्याची किंमत कळणारा हा एकच माणूस होता, जो त्यांना चौदा वर्षं खोटं पाडत होता. त्यांनी केसांचं तेल काउंटरवर ठेवलं. यासुगी यांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे तेलाचं काम नव्हतं.

"डबा द्या," बाई म्हणाल्या.

"भेट कुणी परत मागतं का?"

"मी भेट दिलेलीच नाही!"

"उराबे-साननी दिली."

"मीच उराबे-सान आहे!"

"दुसऱ्या उराबे-साननी. इस्त्रीवाल्या. त्यांनी मुरोगाला, मुरोगाने सादाएला, सादाएने मला. सगळं रीतसर झालंय. आता मी तो तुम्हाला भेट दिला तर तुम्हाला मला काहीतरी परत द्यावं लागेल, त्यावर मला काहीतरी, आणि मला लोणचं चालत नाही, रक्तदाब आहे."

"चिनामी दुपारी येतेय. पुस्तक उद्या छापायला जातं."

"माहीत आहे. मुद्रितं मीच तपासतोय. 'सर्व डोळे उघडे.' एकही चूक नाही."

बाई बसल्या. डोळे तपासायच्या खुर्चीत बसल्या, त्यामुळे समोर अक्षरांचा तक्ता आला. त्यातलं सगळ्यात मोठं अक्षरही त्यांना त्या क्षणी दिसत नव्हतं. "यासुगी-सान," त्या म्हणाल्या, "मागच्या रांगेतली पोरं डोळा मिटतात. माझी नात आली होती बैठकीला. तिने विचारलं, आजी, तुला सगळे डोळा का मारतात?"

यासुगी यांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेला एक चष्मा पुसायला सुरुवात केली.

"एका अटीवर उघडू," ते शेवटी म्हणाले. "पुस्तकात फोटोखाली 'संग्रह: यासुगी' असं छापायचं. बंद डबा आता माझा आहे. माझं आयुष्य गेलं असा डबा मिळवण्यात, आणि मिळाला तर चोवीस तासांत उघडतोय."

हे बाईंना झोंबलं. चौदा वर्षं डबा त्यांनी जपला होता. दोन घरं बदलताना डबा त्यांनी मांडीवर नेला होता, नवऱ्याच्या आईचा फोटो ट्रकमध्ये गेला होता. डबा 'यासुगी संग्रह' म्हणून छापला की पुढे कायम यासुगींचाच. न छापावा तर त्या कायम खोट्या.

त्यांनी पर्स उघडली, एक काटेरी गोळी काढली, स्वतःच खाल्ली.

"छापा तुमचं नाव," त्या म्हणाल्या. "मला डोळा हवाय."

चिनामी आली ती शोहेईबरोबर. बाईंनी फोनवर कळवल्यावर तो तिला लाँड्रीतून इकडे घेऊन आला होता आणि त्याच्या काखेत ह्या वर्षीचा नवाकोरा बिस्किटांचा डबा होता. तो त्याने अदबीने यासुगींपुढे धरला. "हा घ्या आणि तो द्या," तो म्हणाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

डबा मखमलीवरून टेबलावर आला. चिनामीने दिवा लावला, कॅमेरा उभा केला. "उघडा," ती म्हणाली.

कुणी उघडेना. बाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. यासुगींनी पट्टीच्या टोकाला नख लावलं आणि नख काढून घेतलं. "तुम्ही," ते म्हणाले. "मालक तुम्ही ना आता," बाई म्हणाल्या. चिनामीने घड्याळ बघितलं, मग स्वतः पुढे झाली, आणि तिचाही हात डब्याच्या वर वीतभर थांबला. तीही मंडळातलीच होती.

"सरका," शोहेई म्हणाला. तेवढ्या माणसांत नाद नसलेला तो एकटा होता. त्याने पट्टी ओढली, चर्रकन आवाज झाला, यासुगींनी 'आई गं' म्हटलं, आणि झाकण निघालं.

वास जुन्या रद्दीचा होता. बिस्किटं अख्खी होती. यासुगींनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि एकेक मासा उचलून पांढऱ्या कागदावर मांडायला लागले. "उघडा. उघडा. हाही उघडा." वरचा थर संपला. सगळे टक लावून बघत होते. यासुगी गुणगुणायला लागले. दुसरा थर संपला. "उघडा. उघडा." बाईंनी शोहेईचा दंड धरला, तो अजून निळा-काळा आहे.

तळाच्या थरात, कोपऱ्यात, यासुगींचा चिमटा थांबला.

"भाजताना बिघडलं असेल," ते म्हणाले.

"नीट बघा."

त्यांनी भिंग बदललं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ उभे राहिले आणि गिऱ्हाइकाला नंबर वाढल्याचं सांगतात त्या आवाजात म्हणाले, "पापण्या आहेत. मिटलेला आहे."

 तोकिएबाईंना पदर नाही, म्हणून त्यांनी बाहीने डोळे पुसले. शोहेई म्हणाला, "बघा, मी दिला नसता तर..." आणि पुढचं गिळलं. चिनामी फोटो काढत होती. मध्येच तिने कॅमेरा खाली केला.

"काकू, त्याच्या शेजारचं पण बघा."

यासुगींनी भिंग लावलं. त्यांचा चेहरा उजळला. "मिटलेला," ते म्हणाले. "दोन आहेत! उराबे-सान, तुम्ही चौदा वर्षं सांगताय, एक, फक्त एक. दोन निघाले. म्हणजे तुम्हीही चुकलात."

"दोन आहेत म्हणजे एक आहेच ना!"

"फक्त एक म्हणाला होतात! फक्त!"

"त्या डब्यात एक होता. किंवा दुसरा ह्यांनी खाल्ला." बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मी डोळे बघून खात नाही," शोहेई म्हणाला.

"आणि तुम्ही तर एकही नाही म्हणत होतात!"

"एक आणि शून्य, दोन्ही चूक. बरोबरी."

ते संध्याकाळपर्यंत भांडले. मध्ये मुरोगा तोफू घेऊन आला, सादाए आली, तिला ते मासे म्हणजे बिस्किटं आहेत हे कळलं. कुणाचंच ऐकून घ्यायचं नाही असं चिनामीने ठरवलं आणि पान स्वतः लिहिलं. पुस्तक वसंतातल्या मेळ्यात विकायला आलं. बिस्किटांच्या पानावर सुंदर, स्वच्छ फोटो आहे, तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी: 'संग्रह: यासुगी. मिटलेले डोळे: तोकिए उराबे सांगत होत्या त्यापेक्षा एक जास्त.'